सुईदोरा : कागदावरच्या चांदणीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या पानावर कागदावर टीप मारून तुकडे जोडायची पद्धत दिली होती. नमुना मुद्दाम सोपा घेतला होता. ४ इंचांचा चौकोन, त्यात एका कोपऱ्यातून निघालेली पतंगाच्या आकाराची पाकळी (तुकडा १) आणि तिच्या दोन अंगांना दोन निमुळते त्रिकोण (तुकडे २ आणि ३). असे चार चौकोन जोडले की ८ इंचांची, चार टोकांची चांदणी होते. नकाशा कागदाच्या छापील बाजूला, कापड कोऱ्या बाजूला, आणि टीप छापील रेषेवर. तुकडा कापताना थोडा वाकडा गेला तरी बिघडत नाही, टीप तेवढी रेषेवर हवी. ज्या घरात लुगड्यांचे, परकरांचे, शर्टांचे तुकडे गाठोड्यात पडून आहेत, त्या घरासाठी ही फार उपयोगाची पद्धत आहे. साताऱ्या-सांगलीकडून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांची अडचण पहिल्याच चौकोनात झालेली दिसते, म्हणून पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न (सातारा) : पाकळी नीट बसते. पण बाजूचा त्रिकोण टीप मारून उलटला की दर वेळी टोकाकडचा कोपरा उघडाच राहतो. पट्टी मोठी घेतली तरी तेच. तीनदा उसवलं, आता कागदही फाटला. चुकतंय कुठे?

ताई, तुम्ही पट्टी रेषेच्या बरोबर मध्यावर ठेवत असणार. या नमुन्यात तसं करून भागत नाही. त्रिकोणाच्या दोन बाजू ४ आणि २ इंचांच्या आहेत, तिसरी तिरकी बाजू साधारण साडेचार इंच भरते. पाकळीच्या टोकाशी कोन अगदी निमुळता आहे. चौकोनाच्या चारही बाजूंना पाव इंच माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) सोडायची, ती या निमुळत्या टोकाशी रेषेच्या दिशेने एक इंचाहून जास्त पुढे जाते. दुसऱ्या टोकाशी कोन मोठा आहे, तिथे तीच माया अर्ध्या इंचाच्या आतच संपते. म्हणजे कापड दोन्ही टोकांना सारखं पुरत नाही.

पहिल्या चांदणीसाठी त्रिकोण कापूच नका. ३ इंच रुंद, ७ इंच लांब पट्टी घ्या. ती ठेवताना पाकळीच्या टोकाकडे दीड इंच बाहेर राहू द्या, दुसरीकडे एक इंच. पाकळीसाठी ५ इंचांचा अख्खा चौकोन घ्या. कापड थोडं वाया जाईल, पण हात बसेपर्यंत ते जाऊ द्यावं.

आता क्रम. तुकडा १ ची उलटी बाजू कागदाच्या कोऱ्या बाजूला टेकवा, गोंदकांडीचा एक ठिपका पुरे. कागद उजेडाकडे धरून बघा, पाकळीच्या सगळ्या रेषांबाहेर कापड निदान पाव इंच दिसलं पाहिजे. मग शाळेची पट्टी १ आणि २ यांच्यामधल्या रेषेवर ठेवून कागद तिच्यावर मागे दुमडा. दुमडीबाहेर डोकावणारं कापड पाव इंच ठेवून कापून टाका. ही पायरी बरेच जण टाळतात, आणि पुढचे निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात. कापलेली ही कड म्हणजे पुढच्या पट्टीची खूण. पट्टीची सुलटी बाजू पाकळीच्या सुलट्या बाजूवर ठेवून कडेला कड लावा.

टीप मारण्याआधी रेषेवर दोन टाचण्या लावा आणि पट्टी उलटून बघा. टाचण्यांवर ती दारासारखी वळते. वळल्यावर कागदाचे बाहेरचे दोन्ही कोपरे झाकले गेले, तर पट्टी पुन्हा मिटवा आणि कागद वर करून टीप मारा. रेषा सुरू होण्याआधी दोन-तीन टाके आणि संपल्यावर दोन-तीन टाके जादा घ्या, म्हणजे कागद काढताना टोकं उसवत नाहीत. पट्टी उलटून नखाने शिवण दाबा, वरून कोरडी इस्त्री. वाफेची नको, कागद आक्रसतो आणि माप बिघडतं. तुकडा ३ चंही असंच.

शेवटी साडेचार इंचांच्या बाहेरच्या रेषेवर चौकोन कापा. आतल्या ४ इंचांच्या रेषेवर कात्री चालवलीत तर माया गेली आणि जोडताना चांदणीचं टोक शिवणीत खाल्लं जाईल.

उसवायची वेळ आली तर कापडाकडून दर तिसरा-चौथा टाका कापून कागदाकडचा दोरा ओढा. कागद फाटला तर त्यावर कागदाचीच चिकटपट्टी किंवा गोंदाने कागदाचा तुकडा लावा. पारदर्शक प्लॅस्टिकची चिकटपट्टी इस्त्रीखाली वितळते.

प्रश्न (मिरज) : कागद कोणता घ्यावा? मी वहीचा वापरला, तो काढताना शिवण ताणली गेली आणि टाक्यांत भोकं दिसायला लागली.

वहीचा कागद सहज फाटत नाही. छापखान्यात मिळतो तो वर्तमानपत्राचा कोरा कागद या कामाला उत्तम, कारण तो सहज फाटतो. छापलेलं वर्तमानपत्र वापरू नका, शाई कापडाला लागते, आणि पांढऱ्या मलमलीवर ती धुऊनही जात नाही. झेरॉक्सचा नेहमीचा ७०-७५ जीएसएमचा कागद चालतो, फक्त टाका बारीक हवा.

भोकं पडण्याचं कारण टाक्याची लांबी. नेहमीची शिलाई अडीच मिलिमीटरच्या आसपास असते. कागदावर दीड मिलिमीटर ठेवा, म्हणजे इंचाला १६ ते १८ टाके. मशीनच्या खटक्यावरचे आकडे काही मशीनवर मिलिमीटरचे असतात, काहींवर इंचातल्या टाक्यांचे. त्यामुळे आकड्यावर न जाता चिंधीवर टीप मारून एक इंचातले टाके मोजा. सुई १४ नंबरची. तिची भोकं कागदाला कूपनासारखी रेघ पाडतात, आणि कागद तिथेच तुटतो. १६ टाक्यांपेक्षा विरळ शिवलं की कागद तुटण्याऐवजी शिवण ओढली जाते. फार बारीक करू नका, इंचाला २२-२४ टाके घातले तर जुनं लुगडंच सुईच्या रेघेवर चिरतं.

कागद काढताना आधी तो शिवणीवर पुढेमागे एकदा दुमडा. अंगठा टाक्यांवर घट्ट ठेवा आणि कागद शिवणीकडे ओढा, शिवणीपासून लांब नको. चिवट असेल तर ओल्या बोटाने रेघ पुसून मिनिटभर थांबा. कोपऱ्यातले बारके कण चिमट्याने. आणि चौकोन एकमेकांना जोडून होईपर्यंत कागद काढूच नका. उरेब (तिरक्या कापलेल्या) कडा तोच धरून ठेवतो.

नकाशाच्या प्रती एकाच मूळ कागदावरून, एकाच मशीनवर, एका बैठकीत काढा. प्रतीची प्रत केली की माप किंचित सरकतं. प्रत हातात आली की पट्टीने चौकोन मोजा, ४ म्हणजे ४ भरला पाहिजे. आणि इस्त्री कापडाच्या बाजूने करा. झेरॉक्सची काळी पूड गरम झाली की इस्त्रीला आणि खालच्या चादरीला चिकटते.

प्रश्न (विटा) : मी शिंपीकाम करतो. ब्लाउज-परकरात हात बसलेला आहे, पण दीड इंचाचे आठ चौकोन एका ओळीत जोडले तर ८ इंच तयार माप यायला हवं, ते साडेसात येतं. काळी मशीन आहे. कागद न वापरता जमणार नाही का?

दादा, जमेल, मशीनवर पाव इंचाची खूण करून घ्या. कपडे शिवताना माया अर्धा-पाऊण इंच असते, त्यात केसभर फरक पडला तर अंगावर कळत नाही. इथे प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना फक्त पाव इंच असतं. टीप पाऊण मिलिमीटर आत गेली तर दोन्ही तुकडे मिळून एका शिवणीत दीड मिलिमीटर जातं. आठ तुकड्यांत सात शिवणी, म्हणजे साडेदहा मिलिमीटर. तुमचा अर्धा इंच बहुतेक तिथेच गेला.

दाबपायाची उजवी कड सुईपासून पाव इंचावर असेल असं धरून चालू नका. आलेखाच्या कागदावर पाव इंचाची रेघ आखा, सुई हाताने त्या रेघेवर उतरवा, दाबपाय खाली करा आणि कागदाच्या कडेला लागून मशीनच्या सपाट पत्र्यावर जाड चिकटपट्टीचे तीन-चार थर लावा. कापड त्या थरांना घासत जाईल. मग कसोटी घ्या. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडा, इस्त्री करा, मोजा. मधली पट्टी बरोबर १ इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच भरली पाहिजे. कमी भरली तर थर केसभर सुईकडे सरकवा. शिवण वळते तिथे कापडाची जाडीही थोडं माप खाते, म्हणून टीप पाव इंचाच्या जराशी आतच, म्हणजे कडेच्या बाजूला, बसवावी लागते.

सरळ पट्ट्या आणि चौकोन तुम्ही असेच करा, कागदाची गरज नाही. टोकदार चांदणीला मात्र कागदच घ्या.

प्रश्न (कराड) : आजीची दोन सुती लुगडी, एक इरकली आणि खणाचे तुकडे आहेत. सगळं एकाच वाकळेत घालता येईल का? लुगड्याचं कापड सुळसुळीत झालंय, टीप मारताना सरकतं.

घालता येईल, पण प्रत्येकाची आधी परीक्षा घ्या. आजीचं लुगडं एकदा कापलं की कापलं, म्हणून इथे घाई नको.

लुगडं उजेडाकडे धरा. जिथे जाळी दिसते तो भाग बाजूला. उरलेलं दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून आधी उभं, मग आडवं ताणा. धागे करकरले किंवा फाकले तर ते कापड वरच्या थराला घेऊ नका, आतल्या थरात घाला. सर्वांत लवकर विरतो तो बसण्याचा भाग. निऱ्या आणि काठालगतचा भाग बराच टिकलेला असतो. जुना दंड (विरलेला भाग काढून मारलेली जोडशिवण) घातलेला असेल तर त्याच्या दोन्ही अंगांचे दोन-तीन इंच सोडून द्या.

सुळसुळीतपणावर खळ हा उपाय. एक लिटर पाण्यात दोन चमचे तांदळाचं पीठ कालवून शिजवा, गाळून घ्या, लुगडं बुडवून पिळून सावलीत वाळवा, थोडं ओलसर असताना इस्त्री करा. कापड कागदासारखं उभं राहतं, कापायला आणि शिवायला सोपं जातं. वाकळ पूर्ण झाली की एकदा धुऊन खळ काढून टाका. खळीच्या कापडाला कसर लागते.

तरीही लुगडं फारच मऊ असेल तर कागद सोडा. जुन्या सुती धोतराचे साडेपाच इंचांचे चौकोन घ्या, त्यावर पेन्सिलने नकाशा आखा आणि त्यावरच जोडकाम करा. हे अस्तर आतच राहतं. कागद फाडायचा नाही, शिवण ओढली जात नाही, विरलेल्या कापडाला आधार मिळतो. टाका नेहमीचा चालतो. आजीच्या लुगड्यासाठी आम्ही हीच पद्धत सुचवू. फक्त एक थर वाढला हे लक्षात ठेवून आतला एक थर कमी करा, नाहीतर धावदोरा घालताना सुई अडते.

इरकलीचं अंग सुती असलं तरी काठ आणि पदर रेशमाचा किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. त्याला मध्यम इस्त्री, आणि वरून सुती फडकं. खणाचे धागे कडेने सुटतात, त्यामुळे त्याला पाव इंचाऐवजी पाऊण इंच जादा कापड ठेवून तुकडा घ्या आणि टीप मारल्यावरच छाटा. खण सुती-रेशमी की पॉलिस्टर, हे कळायला एक धागा चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. पॉलिस्टर निघाला तर इस्त्री कमी तापवा.

रंग जातो का हे पाहायला ओल्या पांढऱ्या फडक्यावर तुकडा ठेवून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर डाग आला तर ते कापड मिठाच्या भरवशावर ठेवू नका, पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळं धुवा. तरी रंग सुटत राहिला तर वगळा. नवीन सुती कापड, इचलकरंजीचं असो वा आणखी कुठलं, एकदा धुऊन आकसवल्याशिवाय जुन्या लुगड्याशेजारी लावू नका. लुगडं आकसायचं तेवढं आकसून झालेलं असतं. पहिल्या धुण्यात नवं कापड आखडतं आणि जुन्याला चुण्या पडतात.

प्रश्न (वाई) : चारही चौकोन सुबक झाले, जोडल्यावर मात्र मधली टोकं जुळत नाहीत.

चौकोन दोन-दोन करून जोडा. शिवणीवरच्या ज्या ठिकाणी त्रिकोणाचा कोपरा येतो, तिथे कागदावरूनच टाचणी सरळ खाली टोचा आणि ती खालच्या चौकोनाच्याही त्याच खुणेतून निघते का बघा. ती टाचणी उभीच राहू द्या, तिच्या दोन्ही बाजूंना दोन आडव्या टाचण्या लावा आणि मगच उभी काढा. आधी फक्त त्या खुणेवर एक इंच लांब, मोठ्या टाक्याची कच्ची टीप मारून उघडून पाहा. जुळलं तर बारीक टीप. दोन जोड्या एकमेकांना जोडताना एका जोडीची माया डावीकडे, दुसरीची उजवीकडे वळवा. दोन फुगवटे एकमेकांत अडकून बसतात आणि मधला बिंदू सरकत नाही.

प्रश्न (पाटण तालुका) : मशीन नाही. वाकळा आयुष्यभर हातानंच शिवल्या. हे कागदाचं काम हातानं होतं का?

होतं काकू, आणि हातकामासाठी कागदाची वेगळी पद्धत आहे, ती तुम्हाला जास्त आवडेल. तिच्यात कागदावर टीप नसते, कापड कागदाभोवती गुंडाळतात. षटकोनापासून सुरुवात करा.

जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घ्या, पण सोनेरी छपाईचा भाग नको, तो कापडाला लागतो. १ इंच बाजूचे षटकोन कापा, सगळे एकाच साच्यावरून. कापडाचा अडीच इंचांचा चौकोन एका षटकोनाला पुरतो. कागद उलट्या बाजूवर मध्ये ठेवा, चारी कोपरे छाटा, कापड एकेका बाजूने आत वळवा आणि प्रत्येक कोपऱ्याशी दुमडीतून दोन कच्चे टाके घाला. सुई कागदातून न्यायची नाही, फक्त दुमडलेल्या कापडातून. असं केलं की कच्चा टाका काढावा लागत नाही आणि कागद पुन्हा वापरता येतो.

दोन षटकोन सुलट्या बाजू समोरासमोर धरून कडेने बारीक गुंडाळटाका घाला, इंचाला १४ ते १६. फक्त कडेचे दोन-तीन धागे उचला. खोल टाका घातला की सुलट्या बाजूला दोऱ्याचे दात दिसतात. एक मधला आणि भोवती सहा असे सात जोडले की फूल होतं. ज्या षटकोनाच्या सहाही बाजू जोडून झाल्या, त्याचाच कागद काढा. कडेच्यांचे राहू द्या.

पाटणकडे पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी पितो आणि मऊ पडतो, मग षटकोनाचे कोपरे बसके होतात. कापलेले कागद घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

प्रश्न (जत) : अख्खी गोधडी या चांदण्यांची करायची तर कापड किती लागेल? आणि वरून नेहमीचा धावदोरा घालता येईल ना?

एका माणसाची गोधडी ६० बाय ९० इंच धरली तर ८ इंचांच्या ७७ चांदण्या लागतील, म्हणजे ३०८ लहान चौकोन, आणि तरी कडेला पट्टी लावावी लागेल. पहिल्या वेळी हे करू नका. नऊ चांदण्या करा, तीन ओळींत तीन. मध्ये २४ इंचांचा चौक होतो. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला १८ इंचांच्या आणि वर-खाली ३३ इंचांच्या अखंड पट्ट्या लावल्या की माप पूर्ण. लुगड्याचे काठ या पट्ट्यांच्या कडेला फार शोभतात.

नऊ चांदण्यांना ३६ पाकळ्या आणि ७२ त्रिकोण लागतात. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून ५ इंचांचे ३६ चौकोन काढायला ७० सेंटिमीटर पुरतं. त्रिकोणांसाठी, आता हात बसला असेल तर, पट्ट्यांऐवजी साडेतीन बाय सहा इंचांचे ३६ आयत कापा, त्याला ६० सेंटिमीटर कापड लागेल. दोन-दोन आयत उलट्या बाजू एकमेकींना लावून ठेवा आणि कर्णावर कापा. एका जोडीतून दोन डावे आणि दोन उजवे त्रिकोण मिळतात. सगळे आयत एकाच तोंडाने रचून कापले तर ७२ त्रिकोण एकाच बाजूचे होतात आणि निम्मे फुकट जातात. कर्ण सरकला तर त्रिकोण अपुरा पडतो, म्हणून वरचे-खालचे आयत टाचणीने धरा.

धावदोरा जरूर घाला. सगळे कागद काढल्याची खात्री करून मगच थर मांडा. चौकाच्या जागी शिवणींमुळे जाडी आधीच वाढलेली असते, तेवढ्यापुरता आतला एक थर कमी ठेवा. धावदोऱ्याची ओळ शिवणीवरून नेऊ नका, शिवणीपासून पाव इंच आत, पाकळीच्या आकाराने न्या. चांदणीच्या टोकाशी चार-सहा कापडं एकावर एक येतात, तिथे सुई जबरदस्तीने दाबली तर टाका मोठा पडतो किंवा सुई मोडते. टोकाच्या अलीकडे अर्ध्या इंचावर ओळ वळवा. बाहेरच्या मोठ्या पट्ट्यांवर मात्र नेहमीसारखं कडेकडून मध्याकडे येत शिवू नका. मधला चौक आधी शिवून पक्का करा आणि तिथून बाहेर या, नाहीतर सगळा झोळ चांदण्यांत गोळा होतो.